बुडबुड्यांची नोंद ठेवणारा डॉक्टर

शॅम्पेन म्हटलं की आपल्याकडच्या चारचौघांना काय आठवतं? क्रिकेटची मालिका जिंकल्यावर खेळाडू एकमेकांच्या अंगावर उडवतात तो फेस, नाहीतर हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या पार्टीत उडालेलं बूच. पाहिलेली माणसं फार, प्यायलेली थोडी. मी पहिल्या गटातला. माझं लहानपण पाथरीत गेलं, निवृत्तीनंतर पुन्हा पाथरीतच येऊन राहिलो, आणि मधली सगळी वर्षं बँकेच्या नोकरीत मराठवाड्यातल्या शाखा फिरण्यात गेली. उसाचं कर्ज, बैलजोडीचं कर्ज, विहिरीचं कर्ज, असल्या कागदांत केस पांढरे झाले. शॅम्पेनचा आणि माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला मुलीमुळे, आणि खरं सांगायचं तर मळीमुळे.

मुलगी-जावई इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात असतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी जावईबापूंनी आम्हाला गाडीत घालून एका द्राक्षमळ्यावर नेलं. ज्या देशाचं नाव काढलं की पाऊस, धुकं आणि छत्री आठवावी, त्या देशात द्राक्षं! पण डोंगरउतारावर खरोखरच वेलींच्या रांगा होत्या. जमीन खडूची, ढेकूळ उचललं की बोटं पांढरी व्हावीत. खाडीपलीकडे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली जमीनही याच जातीची, असं तिथल्या माहितगाराने सांगितलं. द्राक्षंही तीच: शार्दोने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए. पण शॅम्पेन हे नाव मात्र त्या प्रांतातल्या वाईनलाच लावता येतं. इंग्लंडातलीला नुसतं इंग्लिश स्पार्कलिंग वाईन म्हणायचं.

तिची चव घेण्याचीही एक रीत आहे. ग्लास पोटाला धरायचा नाही, दांडीला धरायचा; हाताच्या उबेने वाईन तापते. ती आठ-दहा अंशांपर्यंत गार हवी. आधी नुसतं पाहायचं. चांगल्या वाईनचे बुडबुडे मोहरीहून बारीक असतात आणि दोऱ्यात ओवल्यासारखे तळापासून वर येत राहतात. सोड्याच्या बाटलीसारखे भसाभस येऊन विझून जात नाहीत. मग वास घ्यायचा. पहिल्यांदा हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा येतो. थोड्या वेळाने पुन्हा नाक नेलं की पहाटे बेकरीवरून जाताना येतो तसा पाव भाजल्याचा खरपूस वास लागतो. बाटलीच्या तळाशी महिनोन् महिने पडून राहिलेल्या यीस्टची ती देणगी. मग एक लहान घोट. लगेच गिळायचा नाही, जिभेवर घोळवायचा. इंग्लंडातल्या वाईनची ओळख म्हणजे तिचा आंबटपणा. तिकडचं ऊन कोवळं, त्यामुळे द्राक्षांत साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. तो जिभेच्या कडांना झिणझिण्या आणतो, आणि घोट गेल्यावरही चव रेंगाळते. जितकी जास्त रेंगाळेल तितकी वाईन सरस. आमच्या सौभाग्यवतींनी एक थेंब जिभेला लावला आणि कैरीच्या पन्ह्यात सोडा घातल्यासारखं लागतं, असा निकाल दिला. मला तो निकाल फारसा चुकीचा वाटला नाही.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. वाईन प्यावी असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. निघता निघता त्या माहितगाराने एक हकीकत सांगितली, तिच्यासाठी हा प्रपंच. शॅम्पेनचा शोध डॉम पेरिन्यों नावाच्या फ्रेंच संन्याशाने लावला अशी जगाची समजूत आहे. पण हा संन्यासी आपल्या मठात कोठारांचा कारभार पाहायला आला १६६८ साली. त्याच्या सहा वर्षं आधी, १६६२ मध्ये, लंडनच्या एका डॉक्टरने लिहून ठेवलं होतं, की इथले वाईनवाले वाईनमध्ये साखर आणि मळी घालतात आणि त्यामुळे ती फसफसते. डॉक्टरचं नाव ख्रिस्तोफर मेरेट.

मळी हा शब्द ऐकला आणि मी थबकलो. आमच्या भागात जायकवाडीचा कालवा आला, त्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना आला. मळी म्हणजे काय हे पाथरीच्या शाळकरी पोरालाही वासावरून कळतं. साखर काढून घेतल्यावर उरणारा तो काळा, दाट, काकवीसारखा पाक. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या डॉक्टरला त्यात काय दिसलं असेल? परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाईन बाजूलाच राहिली. मनात भरला तो हा माणूस.

तंबाखूच्या गावचा मुलगा

मेरेटचा जन्म १६१४ च्या सुमारास ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या विंचकोम या लहानशा गावात झाला. गाव शेतकऱ्यांचं. तो पाच-सहा वर्षांचा असताना तिथे एक नवं नगदी पीक आलं, तंबाखूचं. अमेरिकेतल्या वसाहतींचा व्यापार बुडू नये म्हणून सरकारने लगेच बंदी घातली. शेतकरी ऐकेनात. पुढे कित्येक वर्षं शिपाई येऊन उभी पिकं तुडवायचे आणि गावकरी पुन्हा लावायचे. पुस्तकातलं ज्ञान आणि रानातलं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा गावच्या मुलाला कुणी शिकवावं लागलं नसणार.

शिकायला तो ऑक्सफर्डला गेला. वैद्यकीची शेवटची पदवी त्याला १६४३ मध्ये मिळाली, तेव्हा इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलेलं होतं आणि राजाची छावणी ऑक्सफर्डमध्येच पडलेली होती. अशा गदारोळात डॉक्टर होऊन तो लंडनला आला आणि तिथे त्याने जम बसवला. १६५१ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या मानाच्या संस्थेने त्याला फेलो करून घेतलं.

त्या संस्थेत तेव्हा विल्यम हार्वे होता. शरीरात रक्त फिरतं, हे १६२८ मध्ये जगाला सांगणारा तोच हार्वे. म्हातारपणी त्याने संस्थेला ग्रंथालयाची इमारत बांधून दिली, आपली पुस्तकं दिली. ती सांभाळायला १६५४ मध्ये मेरेटची नेमणूक झाली. राहायला आवारातच घर मिळालं. चाळिशीतल्या, पुस्तकवेड्या डॉक्टरला आणखी काय हवं होतं? हे काम आपल्याला जन्मभरासाठी मिळालं आहे, अशी त्याची समजूत झाली. या समजुतीने पुढे त्याचा घात केला.

एकाच वर्षीचे दोन कागद

१६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. मेरेट तिच्या पहिल्या सभासदांपैकी. या विद्वानांनी एक मोठं काम मनावर घेतलं होतं: देशातल्या कारागिरांचे धंदे कसे चालतात ते जाऊन पाहायचं आणि लिहून काढायचं. कातडं कमावणारा, रंगारी, काच फुंकणारा, पिंपं बांधणारा, हे सगळे काहीतरी जाणत होते. पण ते ज्ञान हातांत होतं, कागदावर नव्हतं. धंद्यांचा इतिहास लिहिण्याचं काम ज्या समितीकडे होतं, तिचा प्रमुख मेरेट होता.

१६६२ साली त्याच्या हातून दोन कागद झाले. पहिला काचेवरचा. अँतोनियो नेरी या इटालियन माणसाने १६१२ मध्ये काच बनवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं होतं. मेरेटने ते इंग्रजीत आणलं आणि त्याला स्वतःची शंभरावर पानांची टिपणं जोडली. भट्ट्या कशा असतात, भांडी कशी घडवतात, कारागीर कुठली हत्यारं वापरतात, सगळं बारकाईने लिहिलं. पुढे जर्मनीतल्या काचवाल्यांपर्यंत ही टिपणं पोचली.

दुसरा कागद वाईनवरचा. १६६२ च्या १७ डिसेंबरला त्याने रॉयल सोसायटीपुढे आठ पानांचा एक निबंध मांडला. लंडनचे पिंपवाले आणि वाईनचे व्यापारी बिघडलेली वाईन कशी सुधारतात, पातळ झालेलीला अंग कसं आणतात, गढूळ झालेली कशी निवळतात, यांची ती जंत्री आहे. त्यातच ते वाक्य येतं, की अलीकडे हे लोक सर्व तऱ्हेच्या वाईनमध्ये भरपूर साखर आणि मळी घालतात आणि त्याने ती चरचरीत, फसफसती होते. जेमतेम एका वाक्याचा मजकूर, पण स्पार्कलिंग वाईन मुद्दाम करण्याची जगातली पहिली लेखी नोंद म्हणून आज तो ओळखला जातो. त्याच्या आठवडाभर आधी त्याच सोसायटीपुढे जॉन बील या पाद्र्याने सफरचंदाच्या मद्याविषयी असंच सांगितलं होतं: बाटलीत अक्रोडाएवढी साखर घालावी. म्हणजे ही युक्ती कुणा एकाची नव्हती. ती तेव्हा हवेतच होती.

हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की मौज कळते. साखर घातलेली वाईन बाटलीत पुन्हा आंबते. यीस्ट साखर खातं, वायू सुटतो, बूच घट्ट असलं की तो वाईनमध्येच मुरतो. त्याचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटी-तिपटीने असतो. त्या काळच्या फ्रान्समधल्या लाकडाच्या भट्टीतल्या बाटल्या एवढ्या दाबाला फुटायच्या. इंग्लंडात मात्र १६१५ मध्ये राजाने काचेच्या भट्टीत लाकूड जाळायला बंदी केली, कारण आरमाराच्या जहाजांना लाकूड हवं होतं. काचवाले नाइलाजाने दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच मोठी. काच जाड आणि मजबूत निघाली. केनेल्म डिग्बी या सरदाराने तिच्या दणकट, काळपट बाटल्या केल्या. बंदी आली जहाजांसाठी आणि सोय झाली बुडबुड्यांची!

बुडबुडे का येतात, हे मात्र मेरेटला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्म जीव असतात हे लुई पाश्चरने दाखवलं ते दोनशे वर्षांनी. थंडीत झोपलेली वाईन वसंतात पुन्हा खदखदते, एवढंच लोक पाहत होते. बिचारा डॉम पेरिन्यों तर हे बुडबुडे येऊ नयेत म्हणूनच धडपडत होता. त्याच्या दृष्टीने तो वाईनचा दोष होता. तो निष्णात वाईनवाला होता यात शंका नाही. पण बुडबुड्यांचा जनक हे बिरुद त्याच्या पश्चात लोकांनी चिकटवलं.

आग

तीनच वर्षांनी मेरेटचे दिवस फिरले. १६६५ मध्ये लंडनला प्लेग आला. ज्याला शक्य होतं तो शहर सोडून पळाला, मेरेटही गेला. मागे कॉलेजची तिजोरी कुणीतरी फोडली. माणूस नोकरीतला असला की अशा वेळी बोट कुणाकडे वळतं, हे मला सांगायला नको. बँकेत मी ते जवळून पाहिलं आहे.

दुसऱ्या वर्षी, १६६६ च्या सप्टेंबरात, लंडनची ती भीषण आग लागली. चार-पाच दिवसांत शहराचा मोठा भाग राख झाला. हार्वेने बांधून दिलेलं ग्रंथालयही जळालं. मेरेटने धावाधाव करून शंभर-सव्वाशेच्या वर पुस्तकं बाहेर काढली, बाकीची गेली. त्याच वर्षी त्याचं स्वतःचं पुस्तक छापून आलं होतं. ब्रिटनमधली झाडंझुडं, पक्षी, प्राणी, खनिजं यांची ती यादी होती. ब्रिटनच्या पक्ष्यांची पहिली छापील यादी त्यातलीच. तिच्यासाठी थॉमस विलिसेल नावाचा माणूस त्याच्या वतीने उन्हाळ्यामागून उन्हाळे देशभर वनस्पती गोळा करत हिंडला होता. त्या पुस्तकाच्या बहुतेक प्रतीही आगीत गेल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा छापावं लागलं.

मग कॉलेजने हिशेब मांडला. ग्रंथालय उरलं नाही, मग ग्रंथपाल कशाला? मेरेट म्हणाला, नेमणूक जन्मभराची आहे. दोघेही आपल्या जागी ठाम राहिले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मेरेट हरला. कडवटपणा इतका वाढला की १६८१ मध्ये कॉलेजने त्याला फेलोंच्या यादीतून काढलं. १६८५ मध्ये वर्गणी थकली म्हणून रॉयल सोसायटीनेही नाव कमी केलं. ज्या दोन संस्थांना त्याने उमेदीची वर्षं दिली, त्या दोघींच्या वहीतून तो गेला. १६९५ च्या १९ ऑगस्टला लंडनमध्ये, ऐंशीच्या घरात, तो वारला.

इथे मी थोडा अडखळतो. निवृत्त बँकवाल्याचं मन कॉलेजची बाजूही समजू शकतं. जळालेल्या इमारतीवर पगार कुठून काढायचा? पण आगीतून जी पुस्तकं वाचली ती वाचवणाऱ्या माणसाला म्हातारपणी दार दाखवावं, हे हिशेबात बसलं तरी मनात बसत नाही.

श्रेय कुणाचं

वाईनवरचा तो निबंध तीनशे वर्षं बहुतेकांच्या विस्मरणात होता. १९९८ साली टॉम स्टीव्हन्सन या इंग्रज वाईनलेखकाने तो ठळकपणे जगापुढे मांडला, तेव्हा मेरेटचं नाव पुन्हा निघालं. वेळही जुळून आली होती. १९८८ मध्ये एका अमेरिकन जोडप्याने ससेक्समध्ये नायटिंबर इथे शॅम्पेनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या होत्या आणि त्यांच्या वाईनचा बोलबाला होऊ लागला होता. डिचलिंगजवळच्या रिजव्ह्यू या मळ्याने तर मेरेट हेच नाव आपल्या वाईनसाठी घेतलं. इंग्रजांनी शॅम्पेनचा जनक म्हणून त्याला खांद्यावर घेतलं, फ्रेंचांनी नाकं मुरडली. कोण मूळचा कुठला, यावरून रंगणारे वाद आम्हा पाथरीकरांना काही नवे नाहीत, म्हणून मी त्यात पडत नाही.

मला मात्र वाटतं की मेरेटला जनक म्हणणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे. त्याने काही शोधलं नाही, आणि शोधल्याचा दावाही केला नाही. पिंपवाल्यांकडे जाऊन, त्यांचे हात पाहून, त्याने लिहून ठेवलं. त्या पिंपवाल्यांपैकी एकाचंही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. ज्या साखरेने वाईन फसफसली ती बार्बाडोससारख्या बेटांवरून यायची, आणि तिथल्या उसात आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. त्यांची नावं तर कुणाच्याच वहीत नाहीत. मेरेटचं मोठेपण एवढंच, की विद्वानांच्या सभेत त्याने कारागिरांची युक्ती मांडली आणि ती कारागिरांचीच म्हणून मांडली. माझ्या मते हे मोठेपण पुरेसं आहे.

तीच युक्ती पुढे आपल्याकडेही आली. १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग वाईन तयार झाली आणि उमर खय्याम या नावाने परदेशी गेली. ती कंपनी पुढे कर्जात बुडून बंद पडली, पण वाट दिसली होती. नाशिकला सुला आली, आणि २०१३ मध्ये शॅम्पेनच्याच एका बड्या फ्रेंच घराण्याने आपली भारतीय स्पार्कलिंग वाईन बाजारात आणली. तिचा कारखाना दिंडोरीला उभारला गेला. आपल्या उन्हात द्राक्षं झटकन गोड होतात, म्हणून या वाईनसाठी ती आंबटपणा असतानाच लवकर तोडावी लागतात. इंग्लंडात साखर भरायची वाट पाहायची, नाशिकला ती भरण्याआधी धावायचं, एवढाच फरक.

शेवटी एक कबुली. १९८० च्या दशकात एका शाखेत असताना मी एका गुऱ्हाळाच्या कर्जाची पाहणी करायला गेलो होतो. फॉर्मवर रकाने होते: चरक, इंजिन, काहील, बैल. सगळे भरले. काहिलीपाशी गुळव्या उभा होता, साठी उलटलेला. भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, चुलवाणाची आच कधी ओढायची, हे तो कशावरून ठरवत होता? उकळत्या रसाच्या बुडबुड्यांवरून. त्यांचा आकार बघायचा, आवाज ऐकायचा, आणि काहील उतरवायची खूण करायचा. क्षणभर चुकला तर गूळ करपला, नाहीतर बसलाच नाही. अख्ख्या गुऱ्हाळाची पत त्या माणसाच्या डोळ्यांत होती, आणि माझ्या फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना नव्हता. मी त्याचं नावही विचारलं नाही. कर्ज मंजूर झालं, फिटलं, गुऱ्हाळ पुढे मोडलं. गुळव्या कधीच गेला असेल. मी कादंबऱ्या लिहिल्या, पण ते बुडबुडे कसे वाचायचे हे मी लिहून घेतलं नाही.

ससेक्सच्या त्या मळ्यात हातातल्या ग्लासमधून बुडबुड्यांचा दोरा वर येत होता, तेव्हा मला तो गुळव्या आठवला. गोदाकाठी एखाददुसरं गुऱ्हाळ अजून पेटतं असं ऐकतो. या हंगामात वही घेऊन जायचं ठरवलं आहे. या वेळी पहिली ओळ गुळव्याच्या नावाची असेल.